गेटपर्यंतची केबल

३ नोव्हेंबर, सोम.
सोसायटीची बॅटरीवर चालणारी कार्ट चढावर बंद पडली. आई आत. गेटपाशी कमलमावशीशी गप्पा मारून रोजच्यासारखी परत येत होती. दिलीप ड्रायव्हरने सीट उचलली, तर बॅटऱ्यांवर हिरवा-पांढरा थर, त्यात हळद आणि अक्षतांचे दाणे. एका केबलचं टोक त्याच्या हातातच आलं.
खुब्याच्या ऑपरेशननंतर आई काठी घेऊन सपाटीवर चालते, चढ नाही जमत. शेवटी क्लबहाउसमधली प्लास्टिकची खुर्ची आणली आणि चौघांनी तिला खुर्चीसकट उचलून लिफ्टपर्यंत नेलं. लोक बाल्कनीतून बघत होते. एकजण तर मोबाइल धरून उभा. लिफ्टमध्ये म्हणाली, "आता मी खाली नाही यायची." मला वाटलं, रागात बोलतेय.

४ नोव्हें., मंगळ.
दिलीपकडून कळलं. दसऱ्याला सेक्रेटरी सावंतांनी कार्टची पूजा केली. सीट वर करून हळदकुंकू थेट बॅटऱ्यांना, आणि नारळ फोडून पाणीही तिथेच. आम्ही त्या दिवशी पांढऱ्या कपड्यांत विहारात, त्यामुळे काही पत्ता नाही.
सावंतांना विचारलं. "अहो, मशीनची पूजा मशीनवरच करणार ना? दरवर्षी पंपाची करतो, तो कुठे बिघडला?" पंप पाण्याचाच आहे, हे यांना कोण सांगणार.
ठाण्याच्या ज्या डीलरकडून कार्ट घेतली त्याला फोन. केबल सुटी मिळत नाही म्हणे, बॅटऱ्यांसकट पूर्ण सेट घ्या. चपलेचा अंगठा तुटला म्हणून नवा पाय घ्या, असला प्रकार.

६ नोव्हें.
मावशीचा फोन. सोमवारी, १७ला, नाशिकला मुलीकडे चाललीय. कायमची. डोळ्यांनी आता एकटीनं होत नाही. आई नि ती मोहन्याच्या चाळीत शेजारी होत्या. आई कामावर जायची, मला शाळेत धाडायची ती मावशी. ती अजून त्याच चाळीत, आमच्या गेटच्या पलीकडे. तिला दमा, हा चढ तिच्याच्यानेही होत नाही. म्हणून दोघींची भेट गेटपाशी, वॉचमनच्या केबिनशेजारच्या बाकावर.
आणि आमचं हे वाहनमुक्त संकुल. ब्रोशर बघून मीच भाळलो होतो. गाड्या सगळ्या गेटपाशी, आत रिक्षासुद्धा नाही. फक्त अ‍ॅम्ब्युलन्स सोडतात. सावंत म्हणाले, एक दिवस आईंसाठी तीच मागवू. आईला सांगितलं. "अ‍ॅम्ब्युलन्सनं जायचंय तेव्हा जाईनच की," म्हणाली. खुर्चीचा विषय काढायची माझी हिंमत झाली नाही.

८ नोव्हें., शनि.
कल्याणला गेलेलो. कारच्या बॅटरीवाल्याने तयार केबली दिल्या. "सगळ्याला चालतात, साहेब." दिलीपने बसवल्या. सपाटीवर ठीक. चढावर निम्म्यात रबर जळल्याचा वास, हात लावला तर चटका. दिसायला जाड, आत तांबं दोऱ्याएवढं. पुन्हा सगळं काढलं.
हिला, म्हणजे बायकोला, म्हटलं, डोकं फुटायची वेळ आलीय. ती म्हणाली, आधी आईंशी बोल. पाच दिवस गॅलरीतसुद्धा आल्या नाहीत.

९ नोव्हें.
वाचून-विचारून एवढं कळलं की वेल्डिंगच्या मशीनला असते तसली जाड केबल लागेल, आणि टोकांना तांब्याची थिंबलं, म्हणजे भोकाच्या टोप्या, दाबून बसवायची. हाताने वळवून भागणार नाही. दिलीपबरोबर बसून एका सुतळीने मापं घेतली. प्रत्येक केबलच्या मापाला एक गाठ. सुतळी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगली, म्हणजे विसरायला नको.

१० नोव्हें., सोम.
सुट्टी टाकली. ठाणे, कोपरी. स्टेशनजवळ दुकान सापडलं, पाहिजे तीच केबल, मऊ, पस्तीस स्क्वेअर एमएमची. दुकानदार म्हणाला, माप बोला. पिशवीत हात घातला, सुतळी नाही. घरी फोन.
ही म्हणाली, आईंनी त्या सुतळीने रद्दी बांधली. रद्दीवाला घेऊनही गेला.
आईच फोनवर आली. "गाठीच गाठी होत्या त्यात. सगळ्या सोडवल्या, मग बांधली."
खाली जायचं नाही म्हणून ही बाई आठवडाभर घर आवरतेय. डबे, कपाटं, माझ्या जुन्या वह्या. मी दुकानात उभा राहून ओरडलो तिच्यावर. ती म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.
अंदाजाने जास्तच केबल घेतली. खांद्यावर वेटोळं टाकून आलो.

१२ नोव्हें.
मापं परत घेतली, या वेळी कागदावर. मग डोंबिवली, एमआयडीसीत एक वर्कशॉप. त्याने थिंबल केबलवर ठेवलं आणि हातोड्याने ठोकलं. जरा ओढलं तर केबल बाहेर. "गाडीत कोण ओढणारे?" म्हणाला. वाद घालत बसलो नाही, दमलोय. येताना दाबायचं हायड्रॉलिक हत्यार भाड्याने आणलं.
सोमवार जवळ येतोय आणि मी थिंबलं दाबतोय. पहिलं तिरकं गेलं, फुकट. ऑफिसमधून दोन फोन, उचलले नाहीत.

१५ नोव्हें., शनि.
झालं. बॅटऱ्यांची टर्मिनलं सोड्याच्या पाण्याने धुऊन, पुसून, कोरडी करून केबली चढवल्या. चढावर दोन फेऱ्या. हात लावून बघितलं, गार.
सावंत आले. "उद्या शुभारंभ करू, नारळ आणतो."
"आणा. पण चाकाखाली फोडा. सीट उचललीत तर मी सोसायटी सोडेन."
जरा लागलं त्यांना. मग म्हणाले, "बरं, चाकाखाली."
घरी येऊन आईला सांगितलं. वाल सोलत होती, मान वर केली नाही. "तुम्ही बसा त्यात. मला आता सवय झालीय घराची."
एवढं सगळं कुणासाठी केलं मग? असं म्हणणार होतो.  आत जाऊन हात धुतले, काळे डाग निघत नाहीत.

१६ नोव्हें., रवि.
सकाळी परत विचारलं. नाही. दुपारी परत. नाहीच. "लोक बघतात," एवढंच.
मग सुचलं, कालच हे का सुचलं नाही. मावशीला फोन केला आणि दिलीपला रिकामी कार्ट घेऊन गेटवर पाठवलं.
वर येताना आवाज नसतो त्या कार्टला. आईला कळलं ते खालून हाक आल्यावर. "ए सुमन, जय भीम! गॅलरीत तरी ये गं." मावशी पुढच्या सीटवर, दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून. आई गॅलरीत गेली. तेरा दिवसांनी.
तासाभरापासून दोघी आतल्या खोलीत आहेत. दार लोटलेलं. आधी हसण्याचा आवाज येत होता, आता येत नाही. उद्या सकाळी मावशीची मुलगी गाडी घेऊन गेटवर येणार.
चहा घेऊन गेलो. आईचे डोळे लाल. म्हणाली, "केबली तू बसवल्यास?"
"हो."
"मग ब्रेक कुणी बघितलाय?"
म्हटलं, दिलीपने. आईने चहा बशीत ओतून मावशीपुढे सरकवला. 
दिलीपला सकाळी लवकर बोलावून ठेवलंय. मावशीला सोडायला आई गेटपर्यंत येईल की नाही, माहीत नाही.