पिशवीची साक्ष

१० जून १९९१, वांकिडी
द्वारकाबाई सुईणीनं पोट चाचपलं आणि सासूबाईंसमोरच बोलून गेली — "तीन महिन्याचं लागते वो!" यांची नसबंदी होऊन सहा वर्षं झाली! मी सांगत राहिले, दर महिन्याला अंगावरून एवढं जातं, दुखून जीव नकोसा होतो, कसलं पोट! कुणी ऐकेना. हे कचेरीतून आले ते जेवलेच नाहीत.

११ जून
अजून बोलत नाहीत.

२४ जून
पाळी आली. नेहमीसारखीच, भयंकर. वाटलं, आता तरी पटेल. सासूबाई म्हणाल्या, पाडलं वाटते.

२ जुलै
विचारलं एकदाचं, काऊन बोलत नाही? तर म्हणाले, "कोनाचं होतं ते सांग, मंग बोलतो."
चौदा वर्षांचा संसार — आणि हे! शाळेत पोरांना पाढे म्हणायला लावले आणि खिडकीकडे तोंड करून रडले. सांगू कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ.

९ जुलै, चंद्रपूर
माझा भाऊ, खुशाल, मला दवाखान्यात घेऊन आला. डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली. बाळबीळ काही नाही, गाठही नाही. पिशवीचं अस्तर तिच्याच भिंतीत शिरलंय, म्हणून ती फुगलीय, म्हणून एवढं रक्त. ॲडिनोमायोसिस! दुखण्याचं नाव ऐकून मला हसूच आलं, इतकं हलकं वाटलं. बाई म्हणाल्या, ऑपरेशनची घाई नको, गोळ्यांवर पाहू.

१० जुलै
यांना सगळं नीट सांगितलं. म्हणाले, आता नसन. तवा होतं का नाही, हे मशीन सांगते का?

१५ जुलै
पुन्हा बाईंकडे गेले. विचारलं, द्वारकाबाईच्या हाताला लागली ती सूज याचीच, हे अगदी पक्कं कशानं ठरतं? त्या म्हणाल्या, पिशवी काढून तपासली तरच. मी म्हटलं, मग काढा. बघतच राहिल्या माझ्याकडे. किती समजावलं त्यांनी! मी हटले नाही.

२ ऑगस्ट
काढली. हे आले, सही केली, दाराशीच उभे राहिले. फार रडू येतंय. माझ्या दोन्ही पोरी तिथंच वाढल्या. पण असू दे. तपासणीचा कागद आला की यांना तोंड उघडावंच लागेल.

२१ ऑगस्ट, वांकिडी
रिपोर्ट आला. बाईंचं निदान तंतोतंत खरं. यांच्या हातात दिला. न उघडताच फळीवर ठेवला.
"राहू दे आता," म्हणाले. "माफ केलं मी तुले."