आधी कोण पुरे म्हणणार

४ फेब्रु., बुधवार
ठरलं एकदाचं. विक्रमचे वडील रविवारी माळशिरसहून येतायत, लग्नाचं बोलायला, माझ्या आई-अण्णांना भेटायला. मी आणि वि. दोन वर्षं याचीच वाट बघतोय. अण्णा म्हणाले, बाहेर जेवू, हॉटेल तू बघ. बघितलं. होटगी रोडचं नवीन ब्राझिलियन. सळईवरचं भाजलेलं मटण, चिकन टेबलाशी आणून थेट ताटात कापून वाढतात, हवं तेवढं. दोन्ही घरं मटण खाणारी. एवढं एक तरी जुळतंय.
आनंदाच्या भरात लॅबमध्ये दोन नळ्यांवर एकमेकींची लेबलं लावली. वेळेत लक्षात आलं म्हणून बरं.

७ फेब्रु., शनिवार
अण्णांना कार्ड समजावलं. प्रत्येकापुढे एक गोल कार्ड. हिरवी बाजू वर असली की वाढत राहतात, लाल म्हणजे पुरे.
"आन् ताटावर हात आडवा धरला तर?"
तेही चालेल म्हटलं. भाकरी मिळत नाही कळल्यावर मात्र तोंड वाकडं केलं. आईने पिशवीत कडक भाकऱ्या भरल्यात. मी काही पाहिलेलं नाही.

८ फेब्रु., रविवार
काय दिवस गेला. पोटाचं तर विचारूच नये.
वि.चे वडील, दादा, आल्यापासून गंभीर. मला एकच विचारलं, लग्नानंतर नोकरी सोडणार का. नाही म्हटलं. विषय तिथेच थांबला. सळया मात्र येत राहिल्या. चिकन, मटण, कोळंबी, दालचिनी लावून भाजलेला अननस (लई म्हणजे लईच भारी). अर्ध्या तासात मी, आई, वि. लाल. अण्णा हिरवे. दादा हिरवे.
तासाभराने अण्णांना घाम फुटला. कानात म्हटलं, कार्ड पलटा की.
"पावणं जेवत्यात अजून. यजमानानं आदी हात आखडायचा व्हय?"
पलीकडे वि. दादांच्या कानाशी. दादा म्हणत होते, "मानानं बोलवलंय त्यांनी. न्हाय कसं म्हणू?"
झालं. दोघंही पंगतीचा नियम पाळतायत आणि वाढणाऱ्यांना त्याचा पत्ता नाही. पुन्हा मटण आलं तेव्हा दादांनी डोळेच मिटले. मला रडू यायचं बाकी होतं. हॉटेल मी निवडलेलं ना.
शेवटी दादा हळूच म्हणाले, "अण्णा, खरं सांगा. भरलं न्हवं?"
"गळ्यापत्तूर."
दादा पहिल्यांदा हसले. हात लांबवून त्यांनी अण्णांचं कार्ड लाल केलं, अण्णांनी त्यांचं.
निघताना आईने भाकऱ्यांची पिशवी त्यांच्या गाडीत ठेवली. नको म्हणाले नाहीत.

११ फेब्रु., बुधवार
अण्णा तीन दिवस ताकभातावर. आज माळशिरसहून फोन. रविवारी जेवायला या, "हितं कार्ड न्हाय." होकाराबद्दल चकार शब्द नाही, नोकरीबद्दलही नाही. वि. म्हणतो, हाच होकार. आई म्हणते, हुरळू नकोस. मी हुरळलेय. कुठली साडी, इथपर्यंत पोचले.
पण नोकरी सोडायची नाही. अण्णांना विचारलं, दादांनी परत तेच काढलं तर? त्यांच्या घरात, वाढलेल्या ताटावर नाही कसं म्हणायचं?
अण्णांनी ताकाची वाटी खाली ठेवली.
"ताट वाढायच्या आदी सांगायचं. मग बगू, जेवायचं का न्हाय ते."