विमान नव्हतं ते

नाशिक, ४ डिसेंबर २०२५

प्रिय प्रफुल्ल यास,
सप्रेम जयभीम. तुझ्या पायलच्या साखरपुड्यात व्याह्यांना तू माझी ओळख 'आमची विमानवाली ताई' अशी करून दिलीस. आता पुरे! दोन वर्षांपूर्वी मी पाहिली ती उल्काच होती. छपरांना लागून, अर्धं आभाळ ओलांडत, सावकाश गेली. तू मात्र सगळ्यांना सांगतोस, ते विमान होतं आणि कळूनही ताईने उल्का म्हणून रेटलं. म्हणजे मी खोटारडी.

१४ तारखेला मिथुन राशीतला उल्कावर्षाव आहे. आठच्या सुमारास रास नुकती उगवते, तेव्हाच्या उल्का क्षितिजाला घासून आडव्या जातात, म्हणून लांब दिसतात. उल्का शंभरेक किलोमीटर उंचावरून जाते, म्हणून एकच उल्का नाशिकलाही दिसेल, सिन्नरलाही. तू तुझ्या गच्चीवर थांब. फोन करायचा नाही, माझं ऐकून 'मलाही दिसली' म्हणशील. दिसेल ते लिहून सकाळी पोस्टात टाकायचं.

कळावे. लोभ तूर्त राखून ठेवला आहे.
ज्योत्स्नाताई

सिन्नर, ८ डिसेंबर

आ. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि. हुकूम पोचला. मान धरली तर शेक ताईंनीच द्यायचा, असं तुझी भावजय राखी म्हणते. दोघांना दिसली, तर पायलच्या लग्नात माइकवर माफी मागेन. नाहीतर नाव कायम.

आशीर्वाद थोडे आगाऊ पाठव.
प्रफुल्ल

नाशिक, १५ डिसेंबर

प्रिय प्रफुल्ल यास,
सप्रेम जयभीम. मला दिसली नाही. ऐन वेळी आमच्या सोसायटीच्या चेअरमननी गच्चीवरचा फोकस लावला. मी खाली जाऊन भांडले, तो बंद करवला आणि ऐटीत वर आले, तर शेजारी टाळ्या वाजवत होते. पूर्वेला निघाली ती थेट पांडवलेण्यांपर्यंत गेली म्हणे. रंग, शेपूट, सगळं त्यांनी दोनदा सांगितलं. तेच उतरवून पाठवता आलं असतं. पण मी पाहिली नाही. ठेव नाव कायम.

राग चेअरमनवर आहे, तुझ्यावर उरलासुरला.
ज्योत्स्नाताई

सिन्नर, १९ डिसेंबर

आ. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि. मलाही दिसली नाही. तू नाशिकला उभी राहणार म्हणून मी खुर्ची नाशिककडे तोंड करून मांडली. पूर्वेला बघायचं असतं हे राखीने दुसऱ्या दिवशी सांगितलं. उल्का माझ्या पाठीमागून गेली. या लाजेने पत्र टाकलंच नव्हतं. तुझं आलं तेव्हा लिहायला बसलो.

ताई, शेजाऱ्यांची उल्का आयती हातात असताना तू 'दिसली नाही' असं पोस्टात टाकलंस. मग दोन वर्षांपूर्वी तुला दिसलीच होती. माइकवर माफी मागणार, व्याह्यांसमोरच. त्या दिवशी तेवढं चेअरमनबद्दल काही बोलू नकोस.

राखून ठेवलेला लोभ आता सोडावा.
प्रफुल्ल