आधी रिपोर्ट, मग जेवण

बाबा, आपण भिलाईत नवे होतो आणि सेक्टर ६ मधल्या आपल्या रांगेत आपल्याशी कोणी मोकळं बोलत नव्हतं. कारखाना उभा राहत होता आणि तुम्ही सरकारी ऑडिटचे. खर्चाची चौकशी करणारा माणूस शेजारी कोणाला हवा? शेवटच्या क्वार्टरमधले स्टोअरकीपर काका तर निलंबितच होते. गोदामातलं सिमेंट मोजणीत कमी भरलं, ते त्यांनी विकलं असा आळ होता, आणि तपास तुमच्याकडे होता.

एका सकाळी त्यांच्या घरून काकूंनी आपल्याकडे गोळाभात पाठवला. आईनं तो ठेवूनही घेतला होता. तुम्ही ताट पाहिलंत आणि मला म्हणालात, "जा, परत देऊन ये." मी ते झाकलेलं ताट घेऊन गेले. काकूंनी विचारलं, "आमच्या हातचं चालत नाही का तुमाले?" बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन त्यांना फार काळ झाला नव्हता. घरी येऊन मी ते सांगितलं, तर तुम्ही चप्पल न घालताच निघालात. त्यांच्या दारात उभे राहून म्हणालात, "बाई, तसं नाही हो. तपास चालू आहे तोवर मले कोणाच्याच घरचं चालत नाही. रिपोर्ट देतो, मग तुमी नाही बोलावलं तरी जेवाले येतो." काकूंनी दार लावून घेतलं.

मग तुम्ही गोदामामागचा भराव खणायला लावलात. पोत्यांच्या आकाराचे दगड निघाले, त्यांवर तागाची वीण उमटलेली. गोदामावर छप्पर चढायच्या आधीच वरच्या साहेबांनी सिमेंट मागवलं होतं. ते पावसात भिजून घट्ट झालं आणि त्यांनीच ते पुरायला लावलं. काका पहिल्यापासून हेच सांगत होते, पण ऐकलं कोणी नव्हतं. तुम्ही जसं दिसलं तसं लिहिलंत. काका कामावर परतले. साहेबांचं पुढे काय झालं, ते मला कधी कळलं नाही.

आणि अजून डोळ्यांसमोर दिसतं, आपण त्यांच्या घरी जेवायला गेलो आहोत. तुम्ही जमिनीवर मांडी घालून बसला आहात. भाकरी वाढताना काकूंचा हात अडखळतो. तुम्ही ताट पुढे करता, "वाढा ना, कावून थांबल्या?" काका तोंड फिरवून डोळे पुसतात. काकू मात्र हसतात आणि तुमच्या ताटात एकदम दोन भाकरी टाकतात.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. खरं सांगते, घरात मुलं-नातवंडं आता हिंदीच बोलतात. हे मराठीत ऐकणारं कोणी उरलं नाही, म्हणून तुमच्याशी बोलत बसले.