विलायती कोयत्याची परीक्षा

३ फेब्रुवारी १९१२, शनिवार

खोटं बोललो. तेही कुणी न मागता!

मुंबईहून कचेरीत पेटी आली. आत सहा विलायती कोयते, मेणकापडात गुंडाळलेले. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, फांद्या तोडतात; त्या कामाला आपले कोयते बरे की हे, ते आठवड्यात ठरवायचं. हे बरे ठरले तर तोडीवरच्या माणसांसाठी पन्नास मागवायचे. तक्ता मी ठेवायचा. साहेबांनी सहज विचारलं, "देवजी, तुम्ही कधी कोयता चालवलाय का हो?"

"नाही जी."

चौदा वर्षांचा होईपर्यंत आमच्या गावी, साखरशेतला, बापाबरोबर ऐनाच्या झाडांवर चढून फांद्या तोडत होतो मी! शेजारच्या टेबलावरच्या, ठाणे शहरातून आलेल्या कारकुनाने मागे शिपायाला 'कोयतेवाला' म्हणून हिणवलं होतं. तेवढ्यावरून माझी जीभ अशी वळली. बाप ऐकायला नाही, तेच बरं.

४ फेब्रुवारी, रविवार

एक आपला, एक विलायती, असे दोन कोयते घरी आणून शेजारी शेजारी ठेवले.

आपला खोडाळ्याच्या बाजारातला, पुंजा लोहाराच्या हातचा. मानेत बारीक, पुढे जड, नाक आत वळलेलं. हात नुसता उचलायचा, पुढचं काम तो स्वतःच करतो. धार लवकर जाते खरी, पण ओढ्यातल्या कुठल्याही दगडावर घासली की परत येते. विलायती रुंद, वजनाला दीडपट. पोलाद उत्तम — उगाच नावं ठेवणार नाही. मूठ इतकी गुळगुळीत की खाली ठेववत नाही. आणि त्याला पाठीवरही धार! साहेब म्हणतात, "एकात दोन हत्यारं!"

तो हातात घेतला आणि नकळत कमरेमागे धरून पाहिला. तसाच खाली ठेवला. तोडणारा माणूस झाडावर चढताना कोयता कमरेमागे आकडीत अडकवतो — लाकडाची खोबण, दोरीने बांधलेली — कारण दोन्ही हात फांद्यांना लागतात. धार बाहेरच्या बाजूला, बोथट पाठ अंगाला. याची पाठ बोथट नाही.

उद्या साहेबांना सांगतो. — पण तुम्हाला कसं कळलं, असं विचारलं तर?

५ फेब्रुवारी

जमिनीवरची परीक्षा झाली. मनगटाएवढी ऐनाची फांदी. विलायतीला तीन घाव लागले, आपल्याला पाच. साहेब इतके खूश झाले की माझं बोलणं राहूनच गेलं. उद्या झाडावर चढायच्या आधी सांगेन. नक्की!

६ फेब्रुवारी

नाही सांगितलं.

झाडावर चढायला कुणी यावं, तर साखरशेतचा लाडक्या. फांदीवर पाय कसा टाकायचा ते लहानपणी मला यानेच शिकवलं. साहेबांसमोर मला "भाऊसाहेब" म्हणाला, ओळख दाखवली नाही. त्याला तेवढं कळतं. मला हायसं वाटलं — हेही इथे लिहून ठेवतो.

आधी पुंजाचा कोयता घेऊन चढला, दहा फांद्या उतरवल्या, खाली आला. मग विलायती. हातात फिरवून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मी तक्त्यात रेघा मारायला लागलो. रेघा आधीच मारलेल्या होत्या!

"चला, चला," साहेब म्हणाले.

त्याने तो आकडीत अडकवला आणि चढला. फांद्या सरसर उतरवल्या. उतरताना कोयता परत आकडीत घातला, बेचक्यात पाय टाकायला वाकला, पाय सटकला आणि पाठ खोडावर आपटली. ओरडला नाही. नुसता "आयो" म्हणाला. कमरेखाली वीतभर चिरला होता. मी माझं उपरणं बांधलं, ते लगेच भिजलं. झोळी करून त्याला घरी नेलं.

साहेबांनी विचारलं, "कसं झालं हो हे?"

"घसरला जी."

७ फेब्रुवारी

अहवाल दिला. 'विलायती कोयता सर्व प्रकारे सरस. झाडावरील अपघात मजुराच्या गाफीलपणामुळे.' अक्षर फार सुरेख आलं. साहेबांनी वाखाणलं. पन्नास मागवणार.

म्हणजे पन्नास कमरा.

८ फेब्रुवारी

जबानी घ्यायला शिपाई साखरशेतला जाऊन आला. लाडक्याने सांगितलं, "माजीच चूक." खाली अंगठा उठवला. बिचाऱ्याला काही कळलंच नाही, म्हणून मी सुटलो! पहिला विचार हा आला मनात. किती नीच असावं माणसाने?

९ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही.

१० फेब्रुवारी

सकाळी साहेबांच्या दारात उभा राहिलो. सगळं सांगितलं — बाप, ऐन, आकडी, पाठीवरची धार, माझं गप्प बसणं. साहेबांनी माझा अहवाल काढून पुढ्यात ठेवला. मग म्हणाले, "मागणी थांबवतो. तुमचं काय करायचं ते सोमवारी पाहू." ठाण्याचा कारकून ऐकत होता. ऐकू दे.

आता लाडक्याला सांगायला हवं. त्याच्यासमोर तोंड उघडणं जास्त कठीण आहे.

११ फेब्रुवारी, रविवार

साखरशेतला गेलो. लाडक्या पालथा पडून होता. डावा पाय उचलत नाही. त्याची बायको हौशी जखमेवर पाला बांधत होती. मी उंबऱ्यातूनच म्हटलं, "लाडक्या, त्या धारेचं मला ठाऊक होतं."

"मनाबी," तो म्हणाला. "हातात घेतला तवाच दिसला. तू बोलशील म्हनून थांबलो. तू नाय बोललास, तं मना वाटला, देवजीची कायतरी अडचन आसंल. म्हटला, जपून चढू."

मग हौशीला म्हणाला, "देवजीला बसाया घोंगडी दे."