जमादारासमोर खोटं बोलली मी

शनवार, दिवेलागण

सगळ्यात आंधी आला तो जमादार, मंग सरकारी हापिसातल्या दोन मॅडम. खाकी दिसली अन् माया तोंडून निंघूनच गेलं, "गोलू घरी नाही, मानोऱ्याले गेला." हा माया नातू लोकाईच्या विहिरीवरचे वायर कापून विके, तवा हेच सांगत होती मी. आज तर तो मायाच मांगं बसून मोटर खोलून राह्यला होता.

जमादार हासला. "आजी, पकडाले नाही आलो. माया शेतातली मोटर जळली, त्याले दाखवाची हाये."

लाज वाटली. कायले बोलली मी तसं? ह्याच मानसानं केस न करता पोराले समाजमंदिरातल्या दुरुस्तीच्या वर्गात बसवलं, खर्च ह्या मॅडमच्या हापिसाचा. गोलूनं उठून त्याईच्यासाठी पाणी आणलं.

वर्ग आता बंद होनार म्हणून महिनाभर घोर होता मले. मॅडम म्हणल्या, "अजून एक साल मंजूर झालं, आजी." देव भलं करो साऱ्याईचं. जमादाराचं जरा जास्तच.

शेजारच्या सखूचा पोरगाबी त्याच चोरीच्या वाटेनं चालला. त्याचंबी नाव घ्या म्हणलं. मंगळवारी येऊन लिहून घेतो म्हणल्या.