विमानाचा उजवा हात आणि वेलदोडा

अण्णा, गेल्या मंगळवारी एका माकडाने माझ्या विमानाचा उजवा हात पळवला. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतंत, विमानाला हात कशाला? प्रश्न रास्त आहे, त्याकडे येतो. पण आधी तक्रार नोंदवून घ्या. घटना भर दुपारी, आपल्याच गच्चीवर, तक्रारदार दोन हातांच्या अंतरावर बसलेला असताना घडली. विमान साबणाने धुऊन, त्याचे सुटे होणारे हात आणि पंख मी फडक्यावर वाळत घातले होते. आरोपीने त्यातला उजवा हात उचलला, दातांनी तपासला, चव नाही म्हणून तोंड वाकडं केलं, आणि तरीही घेऊन गेला. खाता न येणाऱ्या वस्तू जमवणारा या गल्लीत मी एकटाच आहे असा माझा समज होता. मी पेरू दाखवला. त्याने पेरू घेतला आणि हातही ठेवून घेतला. जिन्यातून तुमची सून म्हणाली, "केळं दाखवायचं होतं. पेरूवर कोण हात सोडतं?" मग आणखी एक पायरी चढून, "अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस छतावर विमानं सुकवतोय. केबलवाल्याला बोलवा कुणीतरी, फिल्म उतरवून घेईल."

तर विमानाला हात का. ही रूप बदलणारी खेळणी असतात. आता विमान, आता माणूस. रूप बदलताना काही काढायचं नाही, काही घालायचं नाही. जे आहे तेच वळवायचं, दुमडायचं, फिरवायचं. पहिलं मला गेल्या वर्षी आपल्या वरच्या खोलीतल्या भाडेकरूने दिलं. हा जपानी तरुण तबला शिकायला काशीत आला आणि तबला सोडून सगळं शिकून परत गेला. जाताना त्याने आगीचा एक लाल बंब माझ्या हातात ठेवला. मी शिडी ओढली तर ती उलटी झाली. मला वाटलं, गेला बंब. तो हसून म्हणाला, "पंडितजी, टूटा नहीं. आदमी हो रहा है." अण्णा, हे वाक्य मी माझ्या सदरात तीन वेळा वापरलं आहे, तिन्ही वेळा पुढाऱ्यांबद्दल. संध्याकाळच्या हिंदी पेपरात मी टवाळीचं सदर लिहितो, हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही ते कधी वाचलं नाहीत, हे मला माहीत होतं.

त्यानंतर वर्षभरात आणखी चार आली. दालमंडीत एका दुकानात कोळशाचं इंजिन मिळालं, चिनी नक्कल आहे, पण माझं सर्वांत लाडकं तेच. त्याचं डोकं बॉयलरमध्ये लपतं आणि धुराडं पाठीवर जातं, जणू संसार उचलून निघालेला गृहस्थ. दुकानदाराने विचारलं, "बच्चे के लिए?" मी नाही म्हटलं. "फिर किसके लिए, गुरु?" मी म्हटलं, वडिलांसाठी. तो गंभीरपणे म्हणाला, "तब मजबूत वाला दें." एक मनगटी घड्याळ आहे, ते उघडलं की बोटभर माणूस होतो आणि वेळ दाखवायचं सोडून देतो. सरकारी कचेरीत याची उलट क्रिया मी कधी पाहिलेली नाही. एक कॅमेरा आहे, त्याचा माणूस नीट उभा राहत नाही, पण प्रयत्न सोडत नाही. आणि हे विमान, काठमांडूहून एका सहलवाल्याने आणलेलं. बावीस वळणं आहेत त्याला. सोबतचा कागद जपानीत, म्हणजे माझ्यासाठी कोराच. मग तो बघून शिकायचा प्रश्नच नव्हता. हातांनीच पाठ केलं: पहिली घडी, दुसरी, दुसरी, पहिली, पहिली, दुसरी, तिसरी, तिसरी, दुसरी, पहिली, पुन्हा पहिली, दुसरी, तिसरी. आठवडाभराने माझ्या ध्यानात आलं की मी काय करतोय.

स्वयंपाकघर, माझ्या लहानपणीचं. सकाळची वेळ, आई घाटावरून यायची आहे. तुम्ही शेणाने सारवलेल्या जमिनीवर सुपारी, लवंग आणि वेलदोडा ओळीने ठेवता. "मंत्र नंतर. आधी हे म्हण." सुपारी-लवंग, लवंग-सुपारी, सुपारी-लवंग-वेलदोडा, वेलदोडा-लवंग-सुपारी, सुपारी-लवंग-वेलदोडा. याला घन म्हणतात, मंत्राचे शब्द असे पुढे-मागे विणत जायचे. मग सुपारी उचलायची, लवंगेपासून सुरू करायचं, पलीकडे दालचिनी येऊन बसायची. मी विचारतो, "अण्णा, इतकं उलटसुलट कशाला? सरळ म्हटलं तर देवाला कळत नाही का?" तुम्ही म्हणता, "देवाला कळतं. विसरणाऱ्याला कळत नाही. असं विणलं की एक अक्षर गळत नाही, एक वाढत नाही." तुम्ही कधी पोथी समोर ठेवू दिली नाहीत. पोथीत बघून म्हणणाऱ्याला तुम्ही ज्या स्वरात 'वाचक' म्हणायचात, तो स्वर मी पुढे पंचवीस वर्षं संपादकांसाठी वापरला.

मी तेरा वर्षांचा असताना पाठशाळेच्या चौकात घनपाठाची परीक्षा झाली. तो दिवस मी आजवर कुणाला नीट सांगितलेला नाही. विनोद करून पुष्कळ वेळा सांगितला आहे. समोर सहा परीक्षक, त्यात तुम्ही. नियम साधा होता: मुलगा म्हणत असेल तर बापाने मान खाली घालून बसायचं, ओठही हलवायचे नाहीत. प्रत्येकापुढे विड्याचं तबक. मी दोन प्रहर नीट म्हणतो. लोक माना डोलवतात. आणि मग एका घनाच्या मध्यावर अडतो. मागे जातो, पुन्हा पुढे येतो, तिथेच अडतो. चौकात एवढं शांत होतं की वरच्या गॅलरीत कुणाचं तरी बाळ जांभई देतं ते ऐकू येतं. तेव्हा तुम्ही मान वर न करता तबकातला वेलदोडा दोन बोटांनी लवंगेपुढे सरकवता.

तुमचं म्हणणं मला कळलं. तिसऱ्यावरून उलट फिर, एवढंच. चाळीस परीक्षा घेऊन ज्यांनी एकदाही कुणाला अक्षर सांगितलं नव्हतं, त्यांनी मला वेलदोडा सांगितला. आणि मी, त्या पवित्र चौकात, मंत्राच्या स्वरात, हात उंचावून म्हणालो, "वेलदोडा."

हसणं आधी मागून आलं. मग सगळीकडून. ज्येष्ठ परीक्षकांनी तुमच्या तबकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हा वेदाच्या कोणत्या शाखेचा पाठ?" पुन्हा हसू. मी तेव्हा खाली मान घालायला हवी होती, पण खरं सांगतो, त्या हसण्यात मला थोडी ऊबही वाटली. मी गेली पंचवीस वर्षं तिच्यावरच पोट भरतोय. तुम्ही उठलात. उपरणं नीट केलंत. "चूक मुलाची नाही. मी सांगितलं," एवढंच म्हणालात आणि परीक्षकांच्या बैठकीवरून उतरून श्रोत्यांत, काढून ठेवलेल्या जोड्यांजवळ जाऊन बसलात. तुम्हाला कुणी उठवलं नव्हतं. पुढच्या वर्षी ते बोलवायला आले, त्याच्या पुढच्या वर्षीही. तुम्ही पुन्हा त्या बैठकीवर गेला नाहीत, आणि मी पुन्हा पाठाला बसलो नाही. तुम्ही कारण विचारलं नाहीत. मीही नाही. आपल्या घरातली ही एकमेव गोष्ट दोघांनी न अडता पाठ केली.

परतताना घाटाच्या पायऱ्यांवर तुम्ही थांबलात. मला वाटलं, आता थप्पड. तुम्ही मुठीतून वेलदोडा काढलात, तोच. "खा. तुझ्याच तोंडातून निघालाय." तुमच्या आयुष्यातला हा एकुलता एक विनोद, आणि तो माझ्या सगळ्या सदरांपेक्षा चांगला होता. मी वेलदोडा तोंडात टाकला. मग चालता चालता तुम्ही म्हणालात, "तो घन राहिलाय. म्हणशील तेव्हा म्हण." तुम्हाला जाऊन आता बावीस वर्षं झाली.

उजवा हात गेल्यापासून विमान अडलं आहे. तो हात पोटाखाली बसला तरच पंख मिटतात. तो नाही, म्हणून ते विमानही होत नाही आणि माणूसही. खोजवा मोहल्ल्यातल्या खरादवाल्याकडे, म्हणजे लाकूड कातणाऱ्याकडे, लाकडी हात करायला दिलाय. "लाल लाख चढ़ा देंगे, असली से अच्छा लगेगा," तो म्हणाला. तोवर ते अर्धवट माझ्या टेबलावर उभं आहे, चौकात हात उंचावून अडलेलं.

आज सकाळी तुमची सून भाजीला गेली तेव्हा मी स्वयंपाकघरात बसलो. जमीन आता मोझेकची आहे. सुपारी, लवंग, वेलदोडा ओळीने ठेवले आणि तो राहिलेला घन म्हटला. आवाज वाईट लागला. स्वर दोन ठिकाणी घसरला, हे तुम्ही सांगण्याआधी मीच सांगतो. आणि मी अडलो, अगदी त्याच जागी. पोथी फडताळात होती. उठलो नाही. मग मीच दोन बोटांनी वेलदोडा पुढे सरकवला, उलटा फिरलो आणि शेवटपर्यंत गेलो. तुमची सून पिशवी घेऊन दारात उभी होती. कधीपासून, मी विचारलं नाही. ती म्हणाली, "चहा टाकू?"

हे पत्र मी टेबलाच्या खणात, जपानी कागदाशेजारी ठेवणार आहे. तुम्ही 'वाचक' कधीच नव्हतात. फक्त एक राहिलं. त्या दिवशी पायऱ्यांवर तुमची पाठ वळताच मी तो वेलदोडा गंगेत थुंकला होता. आजचा मी खाल्ला, सालीसकट.